पाद्रीबाबांचं शास्त्र

"त्या खलाशाला सांगतो, नुसती जखम धुतोय. एकदा क्लोरोफॉर्म दिला की पाय कापून मोकळा होईन. तुमच्या शास्त्राला चालेल ना?" बुद्धिबळाचं प्यादं पुढे सरकवत डॉक्टर बिवलकरांनी विचारलं.

समोर बसलेल्या फादर कायतानांनी चष्मा काढून झग्याच्या टोकाने पुसायला घेतला. शेजारच्या बाकावर मी पट्ट्या गुंडाळत होते. एकोणीसशे सत्तावीस साल असावं. रत्नागिरीच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी नर्स होते, आणि आमच्या शहरातल्या लहानशा चर्चचे हे पाद्री रोज संध्याकाळी डॉक्टरांकडे डाव मांडायला येत. जाताना बहुतेक वेळा चष्मा टेबलावरच विसरत. मग तो मी पोचवायचे.

मूळचे ते गोव्याचे. रोमला जाऊन शिकले, सेमिनरीत होतकरू पाद्र्यांना नीतिशास्त्र शिकवू लागले, आणि छातीच्या दुखण्यामुळे त्यांना या हवेत पाठवलं गेलं. आता तब्येत सुधारली होती. बिशपांकडून परत शिकवायला बोलावणं येईल, याची ते वाट पाहत होते. ते शिकवत तरी काय, हेच मला कळत नसे. औषध देत नसत, नाडी बघत नसत, तरी मुंबईचे ख्रिस्ती डॉक्टर त्यांना पत्रं लिहून सल्ला विचारत. अडलेल्या बाईचा जीव वाचवताना मूल दगावणार असेल तर काय करावं? मरणाऱ्याला त्याचं मरण सांगावं का? पोस्टमन बाबू त्यांना 'डॉक्टरांचे डॉक्टर' म्हणायचा. मला मात्र राहून राहून वाटे, अशा प्रश्नांना उत्तरं असतात तरी कुठे?

"चालणार नाही," फादर म्हणाले.

"मग मरू दे त्याला?"

"पाय त्याचा आहे, डॉक्टर. तो नको का म्हणतो, विचारलंत?"

"अडाणी आहे म्हणून."

"हे तुमचं उत्तर झालं. त्याचं काय?"

डॉक्टरांनी पट उधळून दिला. आठवडाभर थांबलो तर विष वर चढेल, मग तुमचं शास्त्र त्याच्या बायकोला समजावून सांगा, म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. तो रोगी, महिपत, खाडीपलीकडच्या भाट्ये गावचा खलाशी. जाळ्यातला पाकट मासा सोडवताना त्याच्या शेपटीचा विषारी काटा पावलात गेला, घरी लेप लावत दिवस काढले, आणि दवाखान्यात आणला तेव्हा पाऊल काळं पडून वास मारत होतं.

फादर उठून खाटेपाशी गेले. मी कंदील लावायच्या निमित्ताने मागोमाग गेले. महिपतची बायको आवडाबाई पायथ्याशी बसली होती. फादरनी तिला आधी घरी कोण कोण आहे ते विचारलं, होडी कोणाची ते विचारलं, या दिवसांत बांगडा लागतो का तेही विचारलं. मला वाटलं, आता प्रभूचं नाव निघेल. निघालं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी महिपतला सरळच विचारलं, भीती कसली वाटते?

"कापायची न्हाय, पाद्रीबाबा. पाय गेला तर घरी बसून जाळी विनीन." तो भिंतीकडे बघत राहिला. "पन तुमी तो टाकनार कुठं?"

आवडाबाई तोंडाला पदर लावून रडू लागली. मग तिनेच सगळं सांगितलं. आदल्या वर्षी सदू नावाच्या खलाशाचा हात होडी ओढताना चिरडला होता. डॉक्टरांनी तो कापला, आणि झाडूवाल्याने मागच्या खड्ड्यात टाकला. कुत्र्यांनी तो उकरून काढला. पुढे सदू तापाने गेला, त्याला हाताशिवाय जाळावं लागलं. आता भरतीच्या वेळी तो किनाऱ्यावर हात शोधत फिरतो, असं सगळं भाट्ये गाव सांगत होतं.

हाताच्या त्या गोष्टीचा डॉक्टरांना पत्ताच नव्हता. त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी कोणाला विचारलंही नव्हतं.

"शिकत होतो तेव्हा एका जाड पुस्तकात हा प्रश्न वाचला होता," फादर मला म्हणाले. "कापलेल्या अवयवाचं काय करावं, म्हणून इस्पितळातल्या नन्सनी रोमला विचारलेलं. आम्ही पोरं खूप हसलो होतो."

मग महिपतकडे वळून म्हणाले, "पाय मी स्वतः घेऊन जाईन. तुमच्या माणसांच्या हाती देईन. चालेल?"

"आमच्या मसनात येशाल तुमी?" आवडाबाईने विचारलं.

"येईन."

महिपतने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कापला. मी तो धुऊन पांढऱ्या फडक्यात बांधला. फादरनी तो दोन्ही हातांवर घेतला, लहान मुलाला घेतात तसा, आणि तरीच्या होडीतून खाडी ओलांडून भाट्याला गेले. महिपतच्या होडीचा म्होरक्या असलेल्या म्हाताऱ्या सोनू तांडेलाने मसणात लाकडं रचली. फादर काही पुटपुटले नाहीत, क्रूसाची खूणही केली नाही. टोपी काढून, पुरतं जळेपर्यंत वाळूत उभे राहिले.

महिपत वाचला. पण चर्चमधल्या काही मंडळींनी बिशपांना कळवलं की आपला पाद्री हिंदूंच्या मसणात जाऊन आला. फादरना खुलासा द्यावा लागला. ओझं वाहणं म्हणजे पूजा नव्हे, असं त्यांनी लिहिलं म्हणे. शिक्षा झाली नाही, परंतु सेमिनरीचं बोलावणं कधीच आलं नाही. मुंबईची पाकिटंही हळूहळू थांबली. बाबू रस्त्याने जाताना ते पायरीवर उभे राहत आणि तो लांबूनच नकाराचा हात हलवी. तुम्हाला वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "प्रश्न तर अजून सुचतात, दमयंतीबाई. आता डॉक्टरांनाच छळतो."

छत्तीस साली छातीच्या दुखण्यानेच ते गेले. आदल्या संध्याकाळपर्यंत डाव चालला होता. चर्चच्या आवारात खड्डा खणला होता आणि आम्ही हिंदू माणसं आवाराच्या दगडी गडग्याबाहेर उभी होतो. महिपत आला होता. सुताराने होडीच्या फळीतून घडवलेला पाय त्याने लावला होता. माझ्याजवळ येऊन त्याने हळूच विचारलं, "बाई, बाबांचं मागं काय ऱ्हायलं न्हाय ना?"

नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला डॉक्टरांचं टेबल आठवलं. पळत दवाखान्यात गेले. पटाशेजारी चष्मा होता. स्वच्छ पट्टीच्या तुकड्यात तो गुंडाळून मी परत आले. शवपेटीचं झाकण अजून लावायचं होतं.

पुडी महिपतने माझ्याकडून मागून घेतली. दोन्ही हात पुढे करून, त्यांवर ती धरून, एकेक पाऊल सांभाळत तो फाटकातून आत गेला. कोणी त्याला अडवलं नाही.