हाकू नका, बाबा

ट्रान्झिस्टरचे दोन सेल तुळशीच्या ओट्यावर उन्हात ठेवलेले – एकाच्या बुडातून पांढरं काहीतरी पाझरून सुकलेलं – आणि ते गडगडून खाली पडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी बारीक खडे लावलेले. किती ती काळजी! सत्यवती शेणाचा हात तसाच धरून त्या खड्यांकडे बघत राहिली. ऊन लागलं की सेलात थोडा जीव येतो, रेडिओ आणखी दोन-तीन दिवस गातो, म्हणून आंघोळ झाली की तिचा नवरा, टेकचंद गुरुजी, स्वतःच्या हाताने ते मांडून ठेवायचे. आणि त्याच हाताने काल त्यांनी कुंताची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढली होती. दिवाळी संपली होती. उद्या सकाळच्या एसटीने ते लेकीला लाखांदूरला, तिच्या सासरी, पोहोचवून येणार होते.

दिवाळीच्या पहाटे कुंताच्या पाठीला उटणं लावताना सत्यवतीचा हात अडला होता. उजव्या खांद्याखाली तीन डाग, चिमट्याच्या टोकाएवढे, एकावरची खपली अजून निघायची होती… कोणी दिले ते विचारावं लागलं नाही. जावयाचा संताप साऱ्या आळीला ठाऊक होता. कुंता वळली नाही. बादलीतल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "भात करपला होता, माय." आणि मग, साबण दे म्हणावं तशा आवाजात, "मले नोको धाडू आता तिकडं." सत्यवतीने पाणी ओतलं. डागांवर पडू नये म्हणून तळहात आडवा धरून ओतलं. त्या वेळी राग आला नव्हता. राग मागाहून आला, गुरुजींना डागांचं सांगितल्यावर.

"रोवणी केल्यावर धान काही दिवस पिवळं पडते," गुरुजी चष्मा पुसत म्हणाले होते. "मंग मूळ धरते. पोरीचं तसंच असते."

"दोन वर्सं पिवळं राह्यते का जी धान?"

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात कुंताचं लग्न करून दिलेलं. गुरुजी हसले होते. बायको बरी बोलली, असं त्यांना वाटलं. दृष्टांत असला की त्यांना कुठलंही बोलणं बरंच वाटायचं.

तर असे हे गुरुजी. सिहोऱ्यात आणि आजूबाजूच्या गावांत त्यांचं नाव होतं ते शाळेमुळे नव्हे, गाण्यांमुळे. पोरं भजनाला बसत नाहीत, रेडिओला चिकटतात, हे बघून त्यांनी रेडिओचंच गाणं हाती घेतलं – फर्माईशीतलं, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत लाऊडस्पीकरवर वाजणारं, कुठलंही – आणि त्याचा खोल अर्थ सांगायला लागले. नायिकेने पदर घेतला की ती माया, कोणी शीळ घातली की अनाहत नाद, पावसात भिजणारी दोघं म्हणजे… काय ते, शिव आणि शक्ती. लोक माना डोलवत. लग्न होऊन आली तेव्हा तीही डोलवायची; आपल्या नवऱ्याला साध्या गोष्टीच्या आत दुसरी गोष्ट दिसते, याचा तिला केवढा गर्व होता! आता वाटतं, त्यांना आतलीच दिसते. वरची, डोळ्यांपुढची, दिसतच नाही. की दिसते, आणि बघवत नाही म्हणून ते आत पळतात? पळोत कुठेही. पोरीला घेऊन मात्र एसटीनेच जाणार.

दुपारी ओसरीवर मारोतराव आले, सोमाजी आले, आणखी तिघं-चौघं आले. दसऱ्यापासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गाणं होतं, सिनेमातलं, मुलीच्या पाठवणीचं. "हाकू नका गाडी, बाबा, उंबरा अजून ओला" – सकाळी माझ्या हाताने सारवलेला उंबरा वाळलासुद्धा नाही आणि तुम्ही मला घालवता, असं ती मुलगी बापाला म्हणते. एवढंच गाणं. आज गुरुजींना त्याचा अर्थ सांगायचा होता.

सत्यवती चहा गाळत होती. आतल्या खोलीत कुंता तांदूळ पाखडत होती; सुपाचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता.

"आता पाहा," ओसरीवर गुरुजींचा आवाज चढला, "गाडी म्हणजे देह. बैल म्हणजे इंद्रियं. उंबरा ओला, म्हणजे जिवाचा मोह अजून वाळला नाही. बाबा म्हणजे सद्गुरू. आणि सासर? सांगा मारोतराव, सासर म्हणजे काय?"

"देवाचं घर," मारोतराव म्हणाले.

"शाबास! जीव रडते, हाकू नका म्हनते. हे त्याचं अज्ञान. गुरूनं त्याचं ऐकलं तं तो इथंच अडकला. म्हणून गुरूनं ऐकायचं नाही. हाकायचं."

हाकायचं! सत्यवतीने गाळणीतला चोथा आपटून टाकला. यात खोल काय आहे? मुलगी म्हणते हाकू नका, तर हाकू नये. एवढं मराठी चौथीच्या पोराला कळतं – चौथीच शिकवता ना तुम्ही? ती तुमच्या अंगणात बसून सांगते आहे, भात करपला म्हणून काय झालं ते सांगते आहे, आणि तुम्ही तिचं बोलणं उचलून आभाळात नेऊन ठेवता… तिथे कोण ऐकणार ते? आणि हे बाकीचे, माना डोलवणारे! जन्मात एकानेही उंबरा सारवलेला नाही, आणि तो ओला का आहे ते यांना समजलं!

ती चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवले. एरवी ती लगेच आत वळायची. आज वळली नाही.

"अजी," ती म्हणाली, "देवाच्या घरी गेला म्हंजे मेलाच ना मानूस?"

मारोतरावांनी उचललेला कप खाली ठेवला.

"म्हंजे पोरगी सासरी गेली म्हंजे मेली. असंच ना? आन् बापाले ते ठाऊक असते. तरी तो हाकते."

आता कळेल. आता यांचा चेहरा पडेल, आता तरी… ती श्वास धरून बघत राहिली. आत सूप थांबलं होतं.

"वा!" गुरुजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, खरोखरच भरून आले होते. "पाहा मारोतराव! इतकी वर्षं मी सांगून राहिलो, पन शेवटचा पडदा आमच्या घरच्या बाईनं काढला. मरण! मरणाचंच गाणं आहे हे!"

सोमाजींनी तिला हात जोडले.

आत येऊन ती चुलीपुढे बसली. जळतं लाकूड मागे ओढायचं, ते पुढे सारत राहिली. आणि कुठून कोण जाणे, नत्थू आठवला – कुंताच्या पाठचा, दीड वर्षाचा, तापात गेला तो. त्या दिवसांत रेडिओवर एक अंगाई लागायची. गुरुजींनी तिला जवळ बसवून सांगितलं होतं, अंगाईतली आई म्हणजे प्रकृती, ती लेकराला फक्त निजवते, आणि निजलेल्यासाठी का कोणी रडतं? ती रडली नव्हती. किती शांत वाटलं होतं! आयाबाया म्हणाल्या, मोठी समजूतदार. अंगाई होती ती, नुसती अंगाई. आणि पोरगं मेलं होतं. त्याला आधीच भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. ते कोणी बोललंच नाही. अर्थ सांगून झाल्यावर बोलायला काही उरलंच नव्हतं… आता, इतक्या वर्षांनी, तिला नत्थूसाठी रडू फुटलं, आणि त्या रडण्यात दुःखापेक्षा चीडच जास्त होती.

कुंता येऊन शेजारी टेकली.

"नोको रडू, माय," ती हळूच म्हणाली. "जाईन मी उद्या. बाबा म्हनते ते… समजलं मले."

आवाजात काही तक्रार नव्हती. किती शांत होता तो! सत्यवतीच्या अंगावर काटा आला.

"काय समजलं तुले?" ती ओरडली. "काईच नाही त्याच्यात समजायसारखं! काईच नाही!"

ओसरीवरचं बोलणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. उद्या एसटीपुढे आडवं पडायचं, की पेटी विहिरीत टाकायची, की नवऱ्याच्या तोंडावर नाही म्हणायचं, जे जन्मात कधी केलं नाही ते – तिला काहीच सुचत नव्हतं. भीती एकाच गोष्टीची होती: चहाचे कप घेऊन गुरुजी आत येतील, जवळ बसतील, आणि त्या मऊ आवाजात तिच्या या रागाचाही काहीतरी अर्थ सांगतील… आणि तिला बरं वाटेल. बरं वाटायला नको होतं. तिने कुंताचं मनगट घट्ट धरलं, आणि दाराकडे डोळे लावून बसून राहिली.