पायावरचा खळगा

डॉक्टर हेमांगीने लिहून दिलेली हृदयाची एकही गोळी विठ्ठलवाडीच्या कुंडलिकरावांनी घेतली नव्हती. फेकलीही नव्हती, माणूस काटकसरी. रोज सकाळी एकेक काढून ते गुलाबाच्या कुंडीत खोचत. महिनाभरात गुलाब टवटवीत झाला. कुंडलिकरावांचे पाय सुजले आणि जिना चढताना श्वास पुरेना.

शेवटी सून स्वप्नाने कुंडी उकरली आणि सासऱ्यांना रिक्षात घातलं. “बाबा, आता तुम्हीच सांगा हां डॉक्टरांना, खत म्हणून वापरल्या ते!”

कल्याणच्या दवाखान्यात नंबर तेविसावा होता. पंख्याखाली कुंडलिकरावांचा डोळा लागला आणि ते आठ वर्षांचे झाले. अंगात ताप, समोर गावच्या डॉक्टरचा ओटा. वस्ती गावकुसाबाहेरची, म्हणून उभं राहायचं ओट्याखाली. डॉक्टरने वरून गोळी सोडली, हाताला हात लागू नये इतक्या उंचीवरून. गोळी पडेचना. पिसासारखी तरंगत निघाली, रानावरून, घाटावरून, शहाडच्या पुलावरून, उल्हास नदीवरून. खाली ओंजळ पसरून कुंडलिक धावतोय. धावता धावता रेल्वेत लागला, लग्न झालं, पोरं शिकली, पेन्शन सुरू झाली. गोळी आपली वरच.

“तेवीस!”

मागच्या खेपेला या बाईंनी कॉम्प्युटरकडे बघूनच सगळं सांगितलं होतं. नाडी नाही, छातीला नळी नाही. शिवाय ते उठताच बाटलीतले दोन थेंब हातावर चोळले होते. कुंडलिकरावांनी निकाल तिथेच लावला आणि सभ्यपणे मनात ठेवला.

“काका, गोळ्या घेताय ना?”

“घेतो.”

“कुंडीत,” स्वप्ना म्हणाली.

हेमांगीने पहिल्यांदा कॉम्प्युटरवरची नजर काढली. “कुंडीत? का पण?”

“तुम्ही मला हात नाही लावलात, बाई,” कुंडलिकराव म्हणाले. “वरून टाकलेली गोळी एकदा घेतलीय. आता नाही घेत.” मग त्यांनी ओट्याची गोष्ट सांगितली, कालच्या भाजीत मीठ कमी होतं अशा सुरात.

“अहो, मी त्या दिवशी कोणालाच हात नव्हता लावला. पन्नास पेशंट होते, त्यात...” हे वाक्य पुढे फारसं चांगलं होणार नाही, हे तिलाच जाणवलं असावं. ते अर्धंच सोडून ती उठली, खाली फरशीवर बसली आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.

“अगं अगं! पायाला काय हात लावतेस, पोरी!”

“सूज बघायचीय. हे मागेच करायला हवं होतं. चुकलं माझं.”

तिने नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. तिघंही त्याच्याकडे बघत बसले. ओहोटीच्या खाडीत चिखलावरचं पाऊल बुजावं, तसा तो सावकाश भरत होता. बाहेर चोविसावा नंबर खोकला. आत कुणाला घाई नव्हती.

“इतका वेळ लागतो म्हणजे पाणी साचलंय,” हेमांगी म्हणाली. “गोळीने ते उतरेल. सकाळी घ्यायची, नाहीतर रात्रभर लघवीला उठबस.”

मग तिने नाडी धरली, छाती ऐकली. कुंडलिकरावांनी श्वास रोखला, सोडला, सांगितलं तसं सगळं केलं. शर्टाची बटणं लावताना मात्र त्यांची नजर घड्याळावर अडकली.

“साडेअकरा झाले,” ते काळजीने म्हणाले. “मग आजची कधी घेऊ?”