तेल लावलेल्या डोक्यांच्या रेषा

मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. एका डब्याची कटकट कोण वाचते? पण आता राग आवरत नाही.

मी ईईजीचा जुना डबा. डोक्याला तारा लावा, मेंदूत काय चालू आहे ते पेनांनी कागदावर काढतो. २००४ साली सरकारच्या संशोधन योजनेतून गोंदियाच्या एका दवाखान्यात आलो. गावांमधली मिरगी शोधायची होती. काम तीन वर्षांचं, पण पहिल्या वर्षाच्या रेषा पाहून पुढचा निधी. मला चालवायचा उमेंद्र टेक्निशियन, माझा एकच दोस्त.

केशोरी गावची दुर्पताबाई तिच्या नऊ वर्षांच्या खुशबूला घेऊन आली. पोरगी वर्गात बसल्या-बसल्या हरवायची, मास्तर मारायचे. मग झटकेही यायला लागले. डोकं तेलानं चपचपीत! तारा घसरून राहिल्या.

"तेल कायले लावलं ओ काकू?" उमेंद्र वैतागला.

"मंग? शहरात पोरीले झिपरी आनू का? लोक मले काय म्हनतीन!"

सगळेच असे यायचे. डॉक्टरकडे जायचं म्हणजे तेल, कंगवा, धुतलेले कपडे. योजनेच्या कागदांत हे कोणी लिहिलंच नव्हतं. वर्षभर मी नुसता कचरा काढला. मग उमेंद्रनं नळावर बादली अन् शाम्पूच्या पुड्या ठेवल्या.

"दवाखाना होय का न्हाव्याचं दुकान?" पोरीला घेऊन पुन्हा आलेली दुर्पताबाई हसली. पण डोकं धुतल्यावर खुशबूची मिरगी माझ्या रेषांत साफ दिसली. गोळी सुरू झाली. सहा महिन्यांनी पुन्हा रेषा काढून डोस ठरवायचा होता.

तोवर पहिल्या वर्षाचा तो कचरा दिल्लीला योजनेच्या ऑफिसात गेला होता. उत्तर आलं, रेषा निकामी, निधी बंद. मोठ्या शहरांत सरकारी निधीतूनच मेंदूचे नवे विभाग उभे राहिले, नव्या मशिनी आल्या. आम्हाला मात्र दुसरी संधी नाही. मला स्टोअरमध्ये कोंडलं. म्हणे योजनेचं सामान, पेशंटला लावता येत नाही. अरे, मग आणलं कोणासाठी?

मित्रांनो, निधी थांबवायचा तर थांबवा, पण आधी इथं येऊन एकदा विचारा तरी, काऊन बिघडलं म्हणून!

खुशबू आता पंधराची आहे. अंदाजाच्या गोळीनं दिवसभर पेंगते, शाळा सुटली. आता एक्स-रेमध्ये लागलेला उमेंद्र, तिच्यासाठी मला बाहेर काढा म्हणून, अर्जावर अर्ज करतो. काल माझ्यावरची धूळ पुसत म्हणाला, "सायबानं या बारी अर्ज ठेवून घेतला. कुलूप खुललं तर चालशील ना बे?"

उमेंद्र, माझी दोन पेनं वाळली आहेत, लपवत नाही. तू पोरीला बसव. उरलेल्या पेनांनी तिच्या डोक्यात जे आहे तेच काढीन, एकही रेष खोटी काढणार नाही. शब्द देतो तुला.