खंडेनवमीला रंगवलेला अँटेना

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे, आणि तोही बोटीवरचा. पिंपरी-चिंचवडमध्ये बोट कुठून आली, असं तुम्ही विचाराल. पवनेला पूर आला की काठच्या वस्त्यांमध्ये गल्लीतून बोटच चालवावी लागते. वीज जाते, मोबाईल बंद पडतात, आणि मग परवाना काढून हौसेने रेडिओ चालवणारी माणसं उपयोगी पडतात. त्यांच्या बोटीवर मी असतो. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगतो.

माझी निवड थाटात झाली होती. या मंडळींच्या म्होरक्या सुमनताई. त्यांनी आधी मोटारीच्या टपावर लावतात तो ऐटबाज अँटेना बसवून पाहिला. गाडीचा पार्ट म्हटला की आमच्या भागात सगळ्यांचा लगेच विश्वास बसतो. पण त्याला पायाखाली लोखंडी पत्रा लागतो आणि आमची बोट फायबरची. त्याची नुसती खरखर झाली. मग लांब तार ताणली, ती बाभळीत अडकली. शेवटी माझा नंबर लागला. फायबरच्या नळीत तांब्याची तार, एवढाच माझा संसार, पण मला पत्र्याची गरज नाही. बोट चालवणारी श्रद्धा ती घेऊन नदीच्या वळणापलीकडे गेली आणि तिचा शब्दन्‌शब्द काठावर ताईंना ऐकू आला. ताई म्हणाल्या, हाच पक्का. मी फुशारलो.

श्रद्धाचे वडील रोहिदास. त्यांच्या चिंचवडच्या शेडमध्ये चाकणच्या कंपन्यांसाठी ब्रॅकेट बनतात. बोट तिथेच कोपऱ्यात झाकून ठेवत. रोहिदासांचा सगळ्या यंत्रांवर फार जीव. खंडेनवमी जवळ आली की ते शेड धुऊन काढत, ड्रिल मशीनपासून जुन्या वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना रंग देत, मग हळदकुंकू आणि झेंडूची माळ. त्या वर्षी उरलेला रुपेरी रंग घेऊन ते माझ्याकडे आले. पोरीच्या बोटीला सण नको का, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी मला मन लावून तीन हात दिले. सुमनताई तेव्हा गावाला गेल्या होत्या. त्यांना विचारावं, असं कुणालाच वाटलं नाही. मला तर गुदगुल्या होत होत्या. सगळ्या शेडमध्ये मीच चमकत होतो.

त्या रुपेरी रंगात धातूची भुकटी असते. माझ्या अंगावर धातूचं पांघरूणच चढलं, आणि आवाज आतल्या आत कोंडू लागला. पावसाळ्यापूर्वी श्रद्धाने शेडच्या दारात रेडिओ लावून पाहिला, तेव्हा हाकेच्या अंतरावर सगळं ठीक ऐकू आलं. नवा रंग बघून ताईही हसल्या, तो कसला आहे ते त्यांनीही विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या वस्तीत पहिला मजला बुडाला. श्रद्धा बोटीवर, ताई घाटावर. एका घराच्या गच्चीवर छबूबाई आणि त्यांचे यजमान सोपानराव अडकले होते. सोपानरावांचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात लुळा पडला होता. श्रद्धाने ओळखलं, हा अर्धांगवायूचा झटका आहे, इथे उशीर चालत नाही.

"ताई, ॲम्ब्युलन्स घाटावर बोलवा. लगेच बोलवा," ती सांगत राहिली.

मी सगळा जोर लावला. घाटावर फक्त खरखर पोचली. प्रवाहाला बगल देत बोट परतली तेव्हा घाटावर ॲम्ब्युलन्स नव्हती. पूल बंद होता, ती लांबून वळसा घालून आली. सोपानराव वाचले. पण डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर हात बराचसा वाचला असता.

ताईंनी माझ्यावर नख ओढलं, ते चंदेरी झालं. त्यांनी रोहिदासांकडे पाहिलं आणि मान वळवली. बोटीवर दुसरा अँटेना आला. मी शेडच्या कोपऱ्यात पडलो. रोहिदास येता-जाता माझ्याकडे बघायचं टाळत. मला कुणी बोल लावला नाही, सगळा बोल त्यांनी स्वतःला लावून घेतला. तो रंग अंगावर मिरवणारा मीच होतो, आणि तरी मला त्यातला वाटा उचलता येत नव्हता.

थंडीत एके दिवशी त्यांनी मला पिशवीत गुंडाळलं आणि श्रद्धाला घेऊन सोपानरावांचं घर गाठलं. मला त्यांच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "तुमचा निरोप अडला तो याच्यामुळे. याला रंग मी दिला होता."

छबूबाई म्हणाल्या, "मुद्दाम केलं न्हाई, त्ये कळतंय आमाला. पर ह्यांचा हात गेला, त्ये बी खरं हाय."

सोपानरावांनी डावा हात पुढे केला, मला उचललं आणि गुडघ्याशी घट्ट दाबून धरलं.

"घास," ते म्हणाले.

रोहिदासांनी खिशातला पॉलिश पेपर काढला. एक धरत होता, दुसरा घासत होता, आणि रुपेरी भुकटी दोघांच्या कपड्यांवर पडत होती. मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. शेवटी श्रद्धाने मला गच्चीवर नेऊन रेडिओ जोडला. आकुर्डीहून ताईंचा आवाज आला, अगदी खणखणीत, खालच्या खोलीपर्यंत.

"आता येतोय आवाज," सोपानराव म्हणाले.

मित्रांनो, माझं नुकसान दुर्लक्षाने झालं नाही, मायेने झालं. म्हणून विनवतो, एखाद्या वस्तूची निगा राखताना तिला काय सोसतं आणि काय सोसत नाही, ते आधी जाणत्याला विचारा. विचारल्याने माया कमी होत नाही. मी पुन्हा बोटीवर उभा आहे आणि माझा आवाज नदीच्या वळणापलीकडे सहज जातो. सोपानरावांचा हात मात्र अजून तोंडापर्यंत पोचत नाही, घास छबूबाईच भरवतात.