मामाचा मामा

"खारसोह," आइदाहुन म्हणाली, आणि आजीच्या हातातला कप बशीवर आदळला.

आजीने तिला कूळ विचारलं होतं. आमच्या खासी लोकांत ते विचारतातच. बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही नावाच्या आधी कूळ विचारतात. इथे तर बाई मामाशी लग्न करायचं म्हणून घरी आली होती. मी चुलीपाशी उकिडवी बसून तिला काँग, म्हणजे ताई म्हणावं की आतापासूनच मामी म्हणावं, याचा विचार करत होते. माझं ठरतच आलं होतं.

"नोंगस्टोईनचेच खारसोह?" आजीने विचारलं.

"हो. का?"

"आम्ही नोंगलिर. नोंगलिर आणि खारसोह यांच्यात जुनी शपथ आहे, बाई. आपण एकमेकांचे भाऊ-बहीण लागतो. माझी आई सांगायची."

माझी आई, जिला आम्ही मेई म्हणतो, भाताचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. भावा-बहिणीचं लग्न आमच्यात सगळ्यात मोठं पाप. अशा माणसांवर वीज पडते, त्यांना वाघ खातो, असं आजी लहानपणापासून सांगत आलीये. आम्ही दर रविवारी चर्चला जातो खरं, पण विजेचं नि वाघाचं तेवढं आम्ही सोडलेलं नाही.

आइदाहुनने कप खाली ठेवला, शाल सारखी केली, "येते," म्हणाली आणि गेली.

मामा म्हणाला, "बरं."

एवढंच! मग तो बाहेर जाऊन गाडी धुवायला लागला. आदल्याच संध्याकाळी धुतलेली, चकाचक गाडी. मला इतका राग आला की सांगता सोय नाही.

आता मामाबद्दल सांगते, कारण बाहेरच्यांना आमच्या घरातलं लवकर उमगत नाही. मामाचं नाव किटबोक. नोंगस्टोईन ते शिलाँग सुमो गाडी चालवतो. चाळिशी ओलांडली, कानशिलं पिकली. मेई सगळ्यात धाकटी मुलगी, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे घर तिचं, आजी तिच्याकडे, आणि लग्न करून पा इथे राहायला आले. पा म्हणजे माझे वडील. पण घरातला मोठा पुरुष मामा. दहावीनंतर मी काय शिकायचं ते मामाने ठरवलं, तेव्हा पा शेजारी बसून भुरके मारत चहा पीत होते. पांना आमच्या घरात फारसं मत नाही, पण तेच पा त्यांच्या बहिणीच्या घरी गेले की असल्या डरकाळ्या फोडतात की तिकडची पोरं पलंगाखाली शिरतात. तिथे ते मामा ना!

आणि आमचा मामा सगळ्यांचं करता करता स्वतःचं लग्न विसरला. मग चार हिवाळ्यांपूर्वी आइदाहुन झाडूच्या गवताचे भारे घेऊन त्याच्या गाडीवर आली. ती डोंगरातून गवत विकत घेते आणि शिलाँगला नेऊन विकते. तिचं कूळ मामाने तेव्हाच विचारलं असणार, पण शपथेचं त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ही गाठ आहे की बुटाची नाडी?" वर चढली आणि मामाने बांधलेला दोर सोडून पुन्हा बांधला. स्टँडवरचे ड्रायव्हर अजून त्यावरून मामाला छळतात. "किटबोक, नाडी सुटली बघ!" मामा हसतो. ते हसू आमच्या घरात आधी कोणी पाहिलेलं नव्हतं.

आणि आता म्हणे, "बरं."

मी गाडीपाशी गेले. "मामा, तू काही बोलणार आहेस की नाही?"

"काय बोलू, रिहुन?"

"माझं लग्न असं अडलं असतं तर?"

"तर मी दहा गावं पालथी घातली असती, त्यांच्या मामाशी भांडलो असतो. ते माझं कामच आहे."

"मग तुझ्यासाठी घाल की पालथी!"

"स्वतःच्या लग्नाचं स्वतः बोलतात का कुठे? लाज वाटत नाही?" आणि तो टायर घासायला लागला. टायर!

सोमवारी वर्गात समाजशास्त्राचा तास होता. बोरा सर आसामातून नवीनच आलेत, चांगले आहेत. त्यांनी फळ्यावर एक घर काढलं, आत आई, वडील, दोन मुलं, आणि म्हणाले, "हे कुटुंब. समाजाची पहिली वीट." मग हसून, "पण तुमच्याकडे काय, स्त्रियांचं राज्य!"

पोरी फिस्सकन हसल्या. मागच्या वर्षीची मी असते तर मान खाली घालून हसले असते. पण यंदा मला काय झालंय कोण जाणे, तोंड उघडलं की शब्द बाहेर येतात. मी उभी राहिले.

"सर, राज्य कसलं? माझी मेई अंधारात उठून चूल पेटवते. गावच्या सभेत आजही पुरुषच बोलतात. आणि तुमच्या त्या घरात मामा कुठाय?"

"मामा?"

"मामाशिवाय वीट उभी कशी राहील? आमच्याकडे सगळं मामा बघतो. पोरांचं शिक्षण, भांडणं, लग्नं."

सरांना राग आला नाही. त्यांनी घराच्या बाहेर एक माणूस काढला. मी म्हटलं, आत. त्यांनी पुसून आत काढला. मग खडू हातातच धरून त्यांनी सहज विचारलं, "सगळ्यांचं मामा बघतो. मग मामाचं कोण बघतं?"

"मामाचा मामा!" मागून डापबोक ओरडला आणि सगळा वर्ग हसला.

मी मात्र हसले नाही. मामाला मामा होता की!

आजीचा भाऊ लोरसिंग. दक्षिणेकडच्या उतारावर लांगखोइ गावात राहतो. आमच्या घरात त्याचं नाव निघत नाही. पणजी वारली तेव्हा आजीने तिला चर्चच्या जागेत पुरलं. आजोबा लोरसिंग जुन्या धर्माचा. आईला अग्नी देऊन तिची हाडं कुळाच्या दगडाखाली, तिच्या आईपाशी ठेवायची, असं त्याचं म्हणणं. तो भर पावसात उभा राहिला, पेटी खाली गेली, आणि तो निघून गेला तो गेलाच. मेई तेव्हा पाळण्यात होती.

मी घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. शपथांचं, कुळांचं ज्ञान मामालोकांकडे असतं, ते कुळाच्या दगडापाशी बसून सांगतात. आपण तिथे जायचं सोडलं, मग आपल्याला पुरतं ठाऊक आहे कशावरून? अर्धवट ठाऊक असलं तर? मी बोलतच होते. आजी मटार सोलत होती. एकदाही वर बघितलं नाही तिने. मेईने मला डोळ्यांनी दटावलं. झालं, संपलं, मला वाटलं.

शनिवारी सकाळी मामा गाडी सुरू करायला गेला तर आजी चौकड्यांची शाल पांघरून पुढच्या सीटवर बसलेली.

"कुठे जायचंय?" मामाने विचारलं.

"तुझ्या मामाकडे."

मामाच्या हातून किल्ली पडली. मी मागच्या सीटवर उडी मारली, कोणी बोलवायच्या आत!

ढग खाली उतरले होते, मामा दिवे लावून हळूहळू उतरत होता. त्याच्या मानेचा घाम मला मागून दिसत होता. वाटभर आजीने एकदाच तोंड उघडलं. "तो घरात घेणार नाही. तरी तू चिडू नकोस."

लांगखोइला सुपारीच्या झाडांखाली एक वाळकुडा म्हातारा लाकडाच्या ओंडक्याचं मधमाश्यांचं घर साफ करत होता. त्याने गाडीकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं.

"कोण मेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. तू जिवंत आहेस का बघायला आले."

"पेटी आणलीस का बरोबर?"

"तुझ्या मापाची मिळाली नाही. वाळून काटकी झालास."

म्हातारा खाकरला. मला कळेना की हसतोय की रडतोय. आजी दगडावर बसली आणि म्हणाली, "दादा, मुलाचं काम आहे. त्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही."

दादा! आजी कोणाची तरी लहान बहीण आहे, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

तिने सांगितलं. मामा खाली मान घालून उभा होता, शाळेतल्या पोरासारखा. खारसोह म्हटल्यावर म्हाताऱ्याने ओंडका खाली ठेवला.

"शपथ आहे, असं कोण म्हणतं?"

"आई म्हणायची."

"आईने सांगितलं, तू अर्धं ऐकलंस आणि प्रार्थनेला पळालीस. अगं, नोंगलिरांची तीन पोटं. तीन बहिणींची. मधली बाळंतपणात गेली, तिच्या तान्ह्या पोरीला खारसोह बाईने अंगावर पाजून वाढवलं. तेव्हा शपथ झाली, ती मधल्या पोटाची. त्यांनी खारसोहांत लग्न करायचं नाही. आपण धाकटीच्या पोटचे. आपल्याला कसली शपथ?"

"तुला नक्की ठाऊक आहे?" आजीचा आवाज चढला. "माझ्या मुलाच्या डोक्यावर वीज पडायची, लोरसिंग! नुसतं तोंडाने सांगू नकोस."

म्हातारा आत वळून ओरडला, "अगं ए! बाहेर ये जरा!"

हात पुसत एक ठेंगणी, गोरीपान म्हातारी दारात आली.

"हिला तुझं कूळ सांग."

"खारसोह," म्हातारी म्हणाली. "का हो?"

"तीस वर्षं संसार केलाय," म्हातारा म्हणाला. "दोन्हीकडच्या जाणत्यांना विचारून, मगच केलाय. वीज पडली असती तर एव्हाना कोळसा झालो असतो. पण तू कधी विचारलंस का, माझी बायको कोण ते?"

आजी उठली. आपल्या भावजयीकडे बघत राहिली. मग पुढे होऊन तिने तिचे दोन्ही ओले हात धरले.

"आत चला ताई," म्हातारी म्हणाली, "चहा ठेवते. हा मुलगा का असा उभाय? आजारी आहे?"

"लग्न ठरलंय त्याचं!" मी किंचाळले. मामाने मटकन खाली बसून तोंड ओंजळीत लपवलं. त्याचे खांदे हलत होते. मी जाऊन त्याच्या पाठीवर एक धपका घातला, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

आजोबा लोरसिंग पुढच्या आठवड्यात फेटा बांधून खारसोहांच्या घरी गेला आणि असा काही बोलला की आइदाहुनचे मामा शेवटी म्हणाले, "पुरे, पुरे, मुलगी दिली!" खरं तर आमच्यात मुलगाच जातो. लग्न चर्चमध्ये झालं. आजोबा आत आला नाही, पण पायरीवर बसून राहिला, आणि आजी प्रार्थना अर्ध्यात सोडून बाहेर त्याच्या शेजारी जाऊन बसली.

मामा बायकोच्या घरी राहायला गेला. त्याची खोली मला अभ्यासाला मिळाली. ती इतके दिवस मला हवीच होती, पण पहिल्या रात्री मी मेईजवळ जाऊन झोपले.

काल रविवारी तो आला. आल्या आल्या माझे मार्क विचारले, छपराचा गळका पत्रा बघितला, पांशी बटाट्याच्या भावावरून वाद घातला. सगळं नेहमीसारखं. जेवण झाल्यावर मेईने, हात आपसूक गेला असेल तिचा, पान-सुपारीचं ताट आणून त्याच्यापुढे धरलं. ते पाहुण्यापुढे धरतात.

तिला तेव्हाच कळलं. ताट तिच्या हातात तसंच राहिलं. आजी खिडकीबाहेर बघायला लागली.

मामाने ताट तिच्या हातातून अलगद घेतलं. उठला. आधी आजीपुढे धरलं, मग पांपुढे, मग माझ्यापुढे, "घे, तू मोठी झालीस आता." सगळ्यांचं झाल्यावर उरलेला तुकडा त्याने तोंडात टाकला आणि ताट फळीवर जागच्या जागी ठेवलं.