खांबेट्यांची फुंकणी

शरच्चंद्र खांबेट्यांना जगातल्या फार थोड्या गोष्टी पसंत होत्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा आता मिळत नव्हत्या. नापसंत गोष्टींची मात्र ददात नव्हती. उसाच्या फडात इमारती उभ्या करून त्याला पुणे म्हणणारे बिल्डर, ओळखदेख नसताना काका म्हणणाऱ्या मुली, आणि खालच्या मजल्यावरचा हिंदुराव. त्यांत परवा एका वस्तूची भर पडली.

छातीतला कफ सुटावा म्हणून डॉक्टरांनी ती आणायला लावली होती. दिसायला बुटक्या चिलमीसारखी. तोंडाला नळी, पुढच्या वाटीत एक पोलादी गोळी आणि वर भोकाभोकांचं झाकण. नळीतून सावकाश फुंकलं की गोळी थडथड उडायची, तो थरथराट छातीत उतरायचा आणि आत चिकटून बसलेला कफ सैल व्हायचा.

"आमच्या आजीच्या चुलीपाशी असली वस्तू होती," खांबेटे पत्नीला म्हणाले. "फुंकणी म्हणायचे तिला. निदान तिच्याने चहा तरी व्हायचा."

कुसुमताईंनी मेथीची जुडी पुढ्यात ओढली. संसारात बोलायचं कधी आणि भाजी निवडत बसायचं कधी, हे त्यांना चांगलं कळत होतं.

ती वस्तू वापरायला शिकवणारी आनंदी नावाची मुलगी तर खांबेट्यांना पहिल्या वाक्यातच नापास झाली. "काका, डीप ब्रेथ घ्या, होल्ड करा आणि स्लोली ब्लो करा."

"यात मराठी काय आहे?"

"घ्या आणि करा," ती म्हणाली. "तेवढं केलंत तरी पुरे. आणि नुसतं फुंकून भागायचं नाही हं. चष्म्याची काच पुसताना आपण हाऽ करून वाफ सोडतो ना, तसा जोरात श्वास सोडायचा. मग खोकायचं आणि सुटलेला कफ थुंकून टाकायचा."

खांबेट्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना लक्ष्मी रस्त्यावर लेझीम खेळायला सांगितलं होतं.

कारण थुंकणे या क्रियेशी त्यांचं जुनं वैर होतं, आणि त्या वैराचं नाव हिंदुराव. धायरीची जमीन विकून हा गृहस्थ नातवंडांच्या शाळेसाठी नारायण पेठेत राहायला आला होता. रोज सकाळी तो गॅलरीत उभा राहून, बेंबीच्या देठापासून असा काही खाकरायचा की समोरच्या इमारतीतले लोक त्यावर घड्याळ लावत. खांबेट्यांनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी सुंदर अक्षरात एक पाटी रंगवली आणि बरोबर हिंदुरावच्या दारासमोर, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात टांगली: "सकाळी घसा खरवडणाऱ्यांनी आपण आता शेतात राहत नाही याची नोंद घ्यावी." पहिल्या मजल्यावरच्या यज्ञेश्वर गोळे यांनी खास वर येऊन दाद दिली. "एकही शब्द फुकट नाही," ते म्हणाले.

आणि हिंदुरावने काय केलं? पाटी जरा तिरकी लागली होती, म्हणून त्याने हातोडी आणून खिळा पक्का ठोकला आणि ती सरळ केली. खाकरणं चालूच.

"अपमान झालेलासुद्धा कळत नाही त्याला," खांबेटे म्हणाले. तेव्हापासून त्यांच्या लेखी हिंदुराव माणसातून उठला.

आता घोडं अडलं होतं ते जिन्यापाशी. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि खांबेटे तिसऱ्या मजल्यावर. दोनदा दवाखान्याची वारी झाल्यावर मुलाने, माधवने, निर्वाणीचं सांगितलं होतं, "बाबा, दसऱ्याला मी येतो. खालपासून घरापर्यंत न बसता चढून दाखवा. बसावं लागलं, तर सामान बांधायचं आणि शहराबाहेर माझ्या मांजरीच्या फ्लॅटवर यायचं. तिथे लिफ्ट आहे."

"मांजरीला? त्यापेक्षा वैकुंठ जवळ पडेल. रिक्षासुद्धा लागणार नाही."

जीभ अशी चालत होती, पण मनातून ते धास्तावले होते. हे घर, खालचा पेपरवाला, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, रोज ज्यांना नावं ठेवायची ती सगळी माणसं. हे सुटलं तर उरणार काय? मांजरीत नावं ठेवायलासुद्धा कोणी ओळखीचं नव्हतं. म्हणून खांबेटे सकाळ-संध्याकाळ मोरीचं दार लावून नेमाने फुंकणी फुंकू लागले. गोळी थडथडायची, छाती गदगदायची, कफ सुटून घशाशी यायचा. तिथे ते तोंड मिटून घ्यायचे, खोकला दाबायचे, आणि तो चिकट ऐवज होता तिथे परत पाठवायचे. वर फुंकणी साबणाने धुऊन, पुसून कपाटात. संध्या करणाऱ्यानेही इतकं सोवळं पाळलं नसेल.

कुसुमताई दाराबाहेरून ऐकत होत्या. "फुंकताना ऐकू येतं. खोकताना नाही."

"मी काय हिंदुराव आहे?"

"नाही. त्याला दम लागत नाही," कुसुमताई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

दसऱ्याला माधव आला. खांबेट्यांनी फुंकणी जरा जास्तच वेळ फुंकली, इस्त्रीचा सदरा घातला आणि खाली उतरले. माधव आणि कुसुमताई वरच्या कठड्याशी उभे राहिले. पहिला मजला झकास गेला. गोळे दारात उभे होते, त्यांना नमस्कारही झाला. दुसऱ्या मजल्यावर मात्र इतके दिवस सैल करून आतच कोंडलेलं सगळं एकदम वर आलं. श्वास आत जाईना. चेहरा जांभळा पडला. भिंतीला हात टेकला, तो नेमका स्वतःच्या पाटीशेजारी.

हिंदुरावचं दार उघडलं. "सायेब, आडकलंय. काढा भाईर. गिळू नगा."

खांबेट्यांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

माधव धावत खाली येऊ लागला. त्याच्या मागून कुसुमताईंचा आवाज आला, शांत आणि स्वच्छ. "अहो, मरायचंय की चढायचंय, ते एकदा ठरवा."

हिंदुरावची बायको पत्र्याचा जुना डबा घेऊन आली. मग खांबेटे खाकरले. भिंती हादरल्या. गोळ्यांचं दार खाली धाडकन लागलं. पुन्हा खाकरले, पुन्हा. डब्यात काय पडलं ते सांगण्यात अर्थ नाही, पण मग हवा आत गेली, अगदी तळापर्यंत, आणि खांबेट्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ब्येस!" हिंदुराव मनापासून म्हणाला. "येवढा आवाज माझा बी निघत न्हाई, सायेब."

मांजरीची शिक्षा याहून सौम्य झाली असती. पण खांबेटे न बसता वर पोचले. सामान बांधायचं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून फुंकणीमागोमाग हाऽ, खोकला आणि खाकरणं रीतसर सुरू झालं. दम सुधारला. आठवड्याने खांबेटे दूध आणायला दार उघडून बाहेर आले, तर समोरच्या भिंतीवर पाटी. गोळ्यांचं अक्षर कोणीही ओळखलं असतं. "तिसऱ्या मजल्यावरील सुशिक्षितांनी सुशिक्षितांसारखे खोकावे."

खांबेट्यांच्या कानशिलांतून वाफ निघाली. फाडून टाकावी? म्हणजे गोळ्यांना कळणार, वर्मी लागली. उलट पाटी लावावी? तेच. मग काहीच झालं नाही असं दाखवायचं. पाटी जराशी तिरकी होती. ती सरळ करायला त्यांनी हात वर नेला.

हात तसाच राहिला.

कळलं होतं हिंदुरावला. पहिल्या दिवशीच, शब्दन् शब्द कळला होता.

दूध आणायचं राहून गेलं. खिळा सैल होता, पाटी हाताने सरळ केली की पुन्हा कलंडत होती. शेवटी ते एक मजला खाली उतरले, स्वतःची पाटी काढून काखेत घेतली आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.

"हिंदुराव," ते म्हणाले, "आपली हातोडी मिळेल का जरा?"