एका शब्दालाही हात न लावलेली बातमी

परदेशातल्या आमच्या बातमीदारावर विनोदी सिनेमा निघाला, आणि मला तो पहिल्या रांगेत बसून बघावा लागला. शेजारी बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. माझ्या एकाही विनोदावर ती वीस वर्षांत अशी हसलेली नाही.

हा बाबा तिकडे दुपारपासूनच झिंगलेला असायचा. फोनवर बातमी सांगायचा, तीही बरळत. नऊ वर्षं पेपरच्या डेस्कवर बसून त्याची वाक्यं मी सरळ केली, आणि नाव मात्र त्याचं छापून यायचं. एकदा त्याने तिथल्या मंत्र्याच्या भाषणाऐवजी त्याच्या घसरणाऱ्या पँटचंच वर्णन सांगितलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, होऊ दे एकदाची याची शोभा! एक अक्षर न बदलता मी बातमी छापायला सोडली.

दुसऱ्या दिवशी वाचक पोट धरून हसले. संपादकांनी त्याला सदर दिलं. सदराचं पुस्तक झालं, पुस्तकाचा हा सिनेमा.

पडद्यावर डेस्कवरचा माणूस ती बातमी वाचतो, डोळे पुसतो आणि म्हणतो, "याच्या एका शब्दालाही हात लावू नका!" म्हणजे मी ती बातमी कौतुकाने तशीच सोडली, असं हा बाबा इतकी वर्षं समजून बसला होता! थिएटरात टाळ्यांचा कडकडाट झाला.

बायकोने माझा हात धरला. "अहो, हे तुम्हीच ना?"

मी मान डोलावली.

"किती मोठं मन हो तुमचं! आणि मी आपली तुम्हाला जळकुकडे समजत होते."